खाडाखोड नसलेली वही

फाल्गुन सरत आला की आमच्याकडे मोहाखालचा पाला पेटवतात. फुले वेचायला जमीन मोकळी हवी, म्हणून झाडाभोवतीचा वाळलेला थर आधीच जाळून ठेवायची रीत आहे. ज्वाळा फारशी उठत नाही. काळी कड हळूहळू बाहेर सरकते, मागे राख राहते, आणि धूर जमिनीला चिकटून रांगत रांगत अहेरीच्या कचेरीपर्यंत येतो. इतरांना त्यात मोहाची गोडी जाणवत असेल. मला त्यात खळीचा, पुठ्ठ्याच्या कापडाचा आणि जळत्या कागदाचा वास येतो, कारण अशाच एका आगीत मी माझ्या हाताने आठ वह्या टाकल्या आहेत.

त्याला सहा वर्षे झाली. मधल्या काळात राज्य बदलले, कचेरीवरची पाटी बदलली, अर्जावरचा मायना बदलला. माझी पेटी मात्र कचेरीसमोरच्या त्याच कडुलिंबाखाली आहे. मी अर्जनवीस आहे. माझे शिक्षण मराठी चार इयत्ता आणि इंग्रजी दोन, इतकेच झाले. पुढे वडील वारल्यामुळे शाळा सुटली. परंतु शिक्षण सुटले असे मी मानत नाही. सव्वीस वर्षांत जमीन, जंगल, वारसा, गुरे आणि भाऊबंदकी यांतला असा एकही वाद उरला नाही, जो माझ्या टाकाखालून गेला नाही. माझ्या अक्षराला चांद्याच्या कोर्टातही ओळखतात. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही. पुढे जे घडले ते त्या अक्षरामुळेच घडले, म्हणून सांगणे भाग आहे.

अहेरीपासून तीन मैलांवर येनटोला नावाची वस्ती आहे. ऐनाच्या झाडाला आमच्याकडे येन म्हणतात, आणि तिथल्या नाल्याच्या काठी एक जुना, दोघांच्या कवेत न मावणारा येन उभा आहे. नाला पुढे प्राणहितेला मिळतो. या वर्षी त्या नाल्यावरचा पूल पुरा झाला. टेकाडावर राहणाऱ्या टोल्यातील अकरा कुटुंबे साहेबांच्या सांगण्यावरून खाली, सडकेच्या कडेला, काठावरच्या सपाटीवर राहायला आली. पाणी तिथवर चढत नाही असे सरकारी कागद सांगतो. तो कागद मुळात माझ्या हातचा आहे. त्यात एक ओळ असायला हवी होती, ती नाही. पाला पेटला की मला हे आठवते, आणि या वर्षी पाला पेटला तेव्हा मृगाला दोन महिने आणि काही दिवस उरले होते.

सहा वर्षांपूर्वी याच दिवसांत शहरातल्या इंजिनीअरिंग कॉलेजचे सोळा विद्यार्थी येनटोल्याला तंबू ठोकून राहिले होते. नाल्यावर पूल व्हायचा होता, त्यासाठी जमिनीची उंची मोजायची होती, आणि परीक्षा तोंडावर आली होती. त्यांच्यासोबत टेंभेकर नावाचे तरुण अध्यापक होते. अंगाने किरकोळ, डोक्यावर सोलापुरी टॉवेल, आणि आवाज असा की ऐकायला पुढे झुकावे लागे. झाडोरा तोडण्याची परवानगी जंगल खात्याकडून हवी म्हणून ते माझ्या पेटीशी आले. मी अर्ज लिहिला. त्यांनी तो वाचला, परत वाचला, आणि म्हणाले, "मुनशीजी, अक्षर इतकं सुंदर आहे की मजकुराकडे लक्षच जात नाही." मी ती स्तुती समजलो. आज तसे समजत नाही.

परवानगी मिळाली त्या दिवशी ती पोचवायला मी स्वतः गेलो, आणि मग रोजच जाऊ लागलो. कचेरी सुटली की सायकल काढायची. विद्येची जिथे चर्चा चालते तिथे माझ्यासारख्याने उपस्थित राहावे असे मला वाटे, आणि माझ्यासाठी कुणीतरी बसायला खोके पुढे सरकवी, याचाही मोह होता.

त्यांच्या कॉलेजातली जुनी पद्धत मला तिथेच समजली. तास सुरू झाला की अध्यापक पिवळ्या पडलेल्या वहीतून सांगत, मुले उतरवून घेत, परीक्षेत तेच परत लिहीत. मोजणीचे शिबिर दरवर्षी होई, पण निम्मी मुले मागच्या वर्षीची वही मिळवून आकडे थोडे खालीवर करून देत. जमीन तीच, आकडे तेच, मग उन्हात कशाला मरायचे. टेंभेकरांनी ते बंद केले होते. त्यांनी प्राचार्यांकडून एका वर्षाची मुदत मागून घेतली होती: शिकवण्याची नवी रीत चालवून दाखवतो, बाहेरचे परीक्षक येऊन वह्या पाहतील, त्यांचे समाधान झाले तर पुढे चालू, नाही तर पुन्हा पिवळी वही. त्यांची नोकरीही त्यावरच टांगलेली होती, असे मुले सांगत.

रीत अशी होती. जंगल खात्याच्या बंगल्याची पायरी ही सुरुवात. तिथून दुर्बीण आणि उभी पट्टी घेऊन नाल्यापर्यंत उंची मोजत उतरायचे, दुसऱ्या वाटेने मोजत परत चढायचे. पायरीवर परत आल्यावर उंची जिथे निघाली होती तिथेच मिळाली पाहिजे. कधीच मिळत नसे. दोन बोटांचा, चार बोटांचा फरक पडेच. त्या फरकावर टेंभेकर रोज संध्याकाळी येनाखाली सगळ्यांना बसवीत.

"आज कोण कुठे चुकलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

पहिल्या आठवड्यात सगळे माना खाली घालून बसत. पुढे पुढे मी पाहिले की मुले चूक सांगायला हात वर करू लागली. एकाने पट्टी उलटी धरली होती, एकाने सहाचा नऊ वाचला होता. ज्याला स्वतःची चूक स्वतः सापडे त्याला टेंभेकर त्या दिवशी बाकीच्यांना शिकवायला उभे करीत. एक कडक नियम त्यांनी घातला होता: रबर वापरायचा नाही. चुकलेला आकडा एका रेघेने खोडायचा, असा की खालचा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला का खोडला ते लिहायचे.

"खोडलेलंच मला आधी वाचायचं असतं," ते म्हणत. "तिथंच तुम्ही विचार केलेला दिसतो."

हे ऐकताना मला अस्वस्थ वाटे. माझ्या धंद्याचा पहिला नियम याच्या नेमका उलट आहे. खाडाखोड असलेला कागद कचेरीत उभा राहत नाही. आकड्यावर आकडा दिसला की समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो. दुसरा नियम, पक्का मसुदा झाला की कच्चा जाळून टाकावा. एका गोष्टीचे दोन कागद झाले की तिला दोन तोंडे फुटतात. आणि या दोन्ही नियमांच्या आधीचा एक दिवस माझ्या अंगात मुरलेला आहे. मराठी तिसरीत माझ्या शुद्धलेखनावर शाईचा थेंब पडला, तेव्हा गुरुजींनी ती वही डोक्यावर धरायला लावून मला पटांगणात उन्हात उभे केले होते. वही खाली आली की छडी. त्यानंतर माझ्या कागदावर डाग पडलेला कुणी पाहिला नाही.

त्या सोळांत मधुकर नावाचा विद्यार्थी गोंडपिपरीकडचा होता. बाप धानाचा शेतकरी, आणि घराण्यात इंग्रजी पाहिलेला हा पहिलाच. बाकीची मुले शहरी. याला इथली बोली येत होती, त्यामुळे टोल्यातल्या लोकांशी बोलणे याच्याकडेच आले. टोल्याचा गायता रैनू होता. गायता म्हणजे गावच्या देवाची पूजा करणारा, आणि ज्याचा शब्द गाव मोडत नाही असा माणूस. वय त्यालाही ठाऊक नव्हते. एके दिवशी मोजणी येनापाशी आली तेव्हा रैनूने मधुकरला हाताला धरून झाडाच्या मागल्या बाजूला नेले. बुंध्यावर कुऱ्हाडीच्या तीन जुन्या खाचा होत्या, सालीने अर्ध्या मिटवलेल्या. सगळ्यांत वरची खाच अशी होती की मी उभा राहून हात पूर्ण वर केला तरी ती वीतभर वर राही.

"हे पान्याचं घर हाय," रैनू म्हणाला. "पानी जिथी येऊन बसलं, तिथी आमी खून करतो. वरची माह्या बापानं केली, मी पाह्यली."

आम्ही नाल्याकडे पाहिले. फाल्गुनातला नाला, गुडघाभरही पाणी नाही. शहरी मुले हसली.

"बुढ्या, एवढ्या नाल्यात एवढं पाणी कुठून येईल?" एकाने विचारले.

"वरून नाई येत," रैनू शांतपणे म्हणाला. "खालून येते. मोठ्या नदीचं पोट भरलं का ते आमच्या नाल्यात ओकते. मंग नाला उलटा वाह्यते. आवाज नाई करत. सकाळी पाह्यलं त आंगनात."

टेंभेकरांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो आनंद आला तो मी पुढे कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही. ते मुलांकडे वळून म्हणाले, "नाल्याचा पूर किती येईल याचं गणित आपण पुस्तकातून केलं. किती आलं?" मुलांनी सांगितले. ते येनापाशी माणसाच्या कमरेइतकेही नव्हते. "आता हे बघा. पुस्तकात हा नाला एकटा आहे. इथे तो एकटा नाही. मधुकर, खाचेची उंची घे. आणि गायता काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिही."

इथे मी बोललो. बोलायला नको होते, पण सोळा शिकलेले विद्यार्थी ऐकत असताना गप्प राहणे मला जड गेले. मी म्हणालो, "सर, यात एक गफलत आहे. झाड वाढते. त्याबरोबर खूणही वर चढते. बापाच्या वेळी ती खाली असणार."

टेंभेकर हसले नाहीत. त्यांनी मला मानाने विचारले, "मुनशीजी, तुमच्या पेटीशेजारच्या कडुलिंबाला छत्री टांगायचा खिळा आहे. तो किती वर्षांचा?"

"वीस."

"तो वर गेला का?"

मग कुणीतरी मागून म्हणाले, "मुनशीजीच खाली गेले असतील, सर." आणि येनाखाली हशा पिकला. टेंभेकरांनी हात वर करून तो थांबवला, आणि झाड शेंड्याकडून वाढते, बुंध्यावरची खूण जागेवरच राहते, हे समजावून सांगितले. मला म्हणाले, "बरं झालं तुम्ही विचारलंत. हे यांतल्या कुणीच विचारलं नसतं." परंतु माझ्या कानात तो हशाच राहिला. वही पुन्हा डोक्यावर आल्यासारखे वाटले.

मधुकरने ती उंची घेतली. आकडा ऐकून त्याचाच विश्वास बसेना. त्याने तो खोडला, पुन्हा मोजला, पुन्हा खोडला, तिसऱ्यांदा मोजला. शेवटी लिहिले: बंगल्याच्या पायरीहून तीन फूट दोन इंच खाली. म्हणजे टेकाडावरच्या बंगल्याच्या पायरीला पाणी लागायला तेवढेच उरले होते. त्याच्या वहीतली ती ओळ जखमेसारखी दिसत होती: दोनदा कापलेली, बाजूला बारीक अक्षरात रैनूचे शब्द, आणि खाली टेंभेकरांची लाल पेन्सिलीतली खूण, 'उत्तम'.

परीक्षक यायला तीन दिवस होते तेव्हा सकाळीच मुले माझ्या घरी आली. मधुकर पुढे होता.

"मुनशीजी, मले खरं सांगा. हे असं खोडलेलं त्या परीक्षकाले चालन का? म्हातारा लई कडक हाय म्हनतात. गलिच्छ वही दिसली का खिडकीतून फेकते."

"तुमचे सर काय म्हणतात?"

"सर म्हनतात, चूक दाखवा. पन मार्क सर नाई देत ना. मार्क तो देते. मी नापास झालो त बाप दुसऱ्या साली पाठवत नाई. बैल इकून पाठवलं हाय मले."

एक शहरी मुलगा म्हणाला, "तुमचं अक्षर म्हणजे छापखाना, मुनशीजी. दोघांत एक, अशा आठ वह्या आहेत. उतरवून द्या, सरांचाच मान वाढेल."

मी होकार दिला. घरातून आमच्या मंडळींचा आवाज आला, "सोताची परीक्षा देल्ली नाई, आता लोकाइची काऊन देऊन राह्यले?" त्या दिवशी कचेरीला सुट्टी होती. सकाळी बसलो तो दिवे लागेपर्यंत उठलो नाही. आठही वह्या उतरवल्या. खोडलेले सगळे गाळले. पायरीवर परत येताना पडलेले फरक मला व्रणासारखे दिसत होते. मी आकडे असे बसवले की प्रत्येक वहीत उंची निघाली तिथेच नेमकी येऊन मिळाली. माझ्या दृष्टीने ते काम मी परोपकाराने करीत होतो. येनाच्या ओळीपाशी मात्र मी थांबलो. तिसऱ्यांदा लिहिलेला आकडा स्वच्छ वाचता येत होता. तो उतरवायला काहीच अडचण नव्हती. मला येनाखालचा तो हशा पुन्हा ऐकू आला. मनाशी म्हणालो, पाणी उलटे वाहते असे ज्यात लिहिले आहे तो कागद कोण मानील? आणि ती ओळ सोडून पुढची घेतली.

दुसऱ्या दिवशी येनटोल्याला जाताना वाटेत बाया मोहाखालचा पाला जाळीत होत्या. कच्च्या वह्या पिशवीतच होत्या. मी सायकल उभी केली आणि त्या एकेक करून आगीच्या कडेवर ठेवल्या. पुठ्ठे आधी फुगले, मग उलगडले. एका बाईने विचारले, "काय जाळून राह्यले, मुनशीजी?" मी म्हणालो, "चुका."

परीक्षक आले. त्यांनी वही फेकली नाही. एकेक पान उलटत गेले आणि त्यांचा चेहरा मऊ होत गेला. असे स्वच्छ काम मी पंधरा वर्षांत पाहिले नाही, असे ते सर्वांसमक्ष म्हणाले. मुले एकमेकांकडे पाहत होती. मी खोक्यावर ताठ बसलो होतो. टेंभेकरांनी मधुकरची वही मागून घेतली. त्यांनी एकच पान शोधले, त्यावर बोट ठेवले, खाली आणले, पुन्हा वर नेले.

"येन कुठे आहे?" त्यांनी विचारले.

मधुकरने माझ्याकडे पाहिले.

मग त्यांनी जे केले ते माझ्या अजून अंगावर येते. त्यांना फक्त गप्प बसायचे होते. परीक्षक खूश होते, रीत जिंकली होती, नोकरी टिकली होती. ते उठून म्हणाले, "साहेब, या मोजणीच्या वह्या नाहीत. यात एकही चूक नाही. सोळा मुलं महिनाभर रानात फिरली आणि एकदाही चुकली नाहीत, असं होत नाही. कृपया हे मान्य करू नका."

परीक्षकांनी चष्मा काढला. "म्हणजे, काम चांगलं झालं ही तुमची तक्रार आहे?"

नंतर येनाखाली ते माझ्याकडे एकटेच आले. आवाज नेहमीचाच, हळू. "कच्च्या वह्या द्या, मुनशीजी."

"जाळल्या."

त्यांनी डोळे मिटले. "येनाची ओळ उतरवताना सुटली असेल, पण तुम्ही वाचली तरी असेल. आकडा आठवतो? मधुकरला तिन्हींतला शेवटचा कोणता ते सांगता येत नाही."

कागदावरचा आकडा मी एकदा वाचला की विसरत नाही. तीन फूट दोन इंच. तो माझ्या जिभेवर होता. पण सांगितला असता तर ओळ चुकून सुटली नाही, मी सोडली, हेही सांगावे लागले असते.

"नाही," मी म्हणालो.

दुर्बिणी पेट्यांत बंद झाल्या होत्या, गाड्या उभ्या होत्या. पुन्हा मोजायला त्यांना अर्धा दिवस हवा होता. परीक्षकांनी तो दिला नाही, आणि वह्या होत्या तशाच मान्य केल्या. निघताना टेंभेकर येनाकडे गेले आणि वरच्या खाचेकडे बराच वेळ पाहत राहिले. पुढे त्यांची रीत बंद झाली. ते कॉलेज सोडून कुठे गेले, याचा पत्ता माझ्याकडे नाही. अर्ज करायचा झाला तर कुणाच्या नावे करावा, हे मला ठाऊक नाही.

मधुकर पास झाला. गेल्या हिवाळ्यात तो ओव्हरसिअर म्हणून इकडेच आला, डोक्यावर हॅट, अंगाने भरलेला. माझ्या पेटीशी बसला आणि इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर खाली पाहत म्हणाला, "मुनशीजी, तुमची वही अजून चालते."

"कोणती?"

"कॉलेजात. नमुन्याची म्हणून कपाटात ठेवली हाय. शिबिरं बंद झाली. आता कोनी रानात येत नाई. दर साली पोरं त्याच वहीवरून उतरवतात. मास्तर म्हनतात, अशी पाह्यजे." तो हसला नाही. "आन एक वही बांधकाम कचेरीत आली होती. पूल तिच्यावरच बांधला. पुराची रेघ पुस्तकातल्या गनिताची धरली, काऊन की वहीत दुसरी नाई."

"तुला येन आठवत नव्हता?"

"आठवत होता. मी साहेबाले सांगितलं. साहेब म्हने, वहीत दाखव. मी काय दाखवू? तुमीच सांगा."

त्याच दिवसांत टोल्यातली माणसे माझ्याकडे येऊ लागली. सडकेच्या कडेला घराची जागा मागणारे अकरा अर्ज माझ्याच पेटीवर झाले. ते लिहिताना ती ओळ मला आठवली नाही, असे मी म्हणू शकत नाही. मी स्वतःला म्हणालो की शिकलेले अधिकारी आहेत, त्यांनी पाहिलेच असेल. शिकलेल्यांच्या हाती कोणती वही आहे, हे मलाच ठाऊक होते.

पुलाचे काम सहज वाटावे इतके चांगले झाले. या चैत्रात मी मधुकरला घेऊन तिथे गेलो. नाला कोरडा, वाळूवर गुरांची पावले. पूल येनाशेजारी माझ्या छातीपर्यंत येतो. सपाटीवर नव्या कुडाच्या भिंती, ताजी सारवलेली अंगणे. दूर डोंगरावर वणव्याची कड दिसत होती, आणि वाऱ्यात पाल्याचा धूर. मी मधुकरला म्हणालो, "तीन फूट दोन इंच."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने दुर्बीण लावली. बंगल्याची पायरी, मधले टप्पे, येन. पट्टी धरायला रैनू स्वतः उभा राहिला. आता त्याची पाठ वाकली आहे. मधुकरने आकडे मांडले, एक खोडला, पुन्हा मांडला.

"तीन फूट दोन," तो म्हणाला. मग त्याने विचारले, "सरांनी इचारलं तेव्हा आठवत होतं?"

"हो."

त्याने दुर्बीण पेटीत ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

घरी येऊन मी अर्ज लिहिला. आयुष्यात इतरांच्या नावाने हजारो लिहिले. स्वतःच्या नावाने हा पहिला. वही मी उतरवली, ओळ मी गाळली, मूळ वही मी जाळली, आकडा विचारला असता खोटे बोललो, सबब सडकेकाठची अकरा घरे मृगाच्या आधी टेकाडावर परत न्यावीत. मधुकरने आपली नवी मोजणी जोडली. लिहिताना एक आकडा माझ्याकडून चुकला. दुसरा कागद समोर होता. मी तो घेतला नाही. एक रेघ मारली, खालचे वाचता येईल अशी, वर बरोबर आकडा लिहिला आणि बाजूला सही केली.

वीस दिवसांनी उत्तर आले. मजकूर दोन ओळींचा होता. कॉलेजची तपासलेली वही दप्तरी असून तिच्याविरुद्ध सादर केलेला कागद खाडाखोडीचा आहे. तथापि पावसाळा संपल्यानंतर प्रत्यक्ष पाहणी करण्यात येईल.

रैनूला मी ते वाचून दाखवले. तो म्हणाला, "मंग पान्याले बी हा कागद वाचून दाखवा."

तो स्वतः खाली उतरला नव्हता, टेकाडावर एकटाच राहतो. त्याचे कुणी ऐकले नव्हते. सडक, दुकान, दवाखान्याची गाडी, हे सगळे खाली आहे. कुणाला दोष द्यावा असे त्यात काही नाही.

म्हणून काल दुपारी मी पायीच गेलो, दारोदार. ऊन असे होते की पुलाच्या कठड्यावर हात ठेववत नव्हता. पहिले घर रैनूच्या सुनेचे, जानोचे. ती अंगण सारवीत होती. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले: खूण खरी आहे, पाणी खालून येते, मी ओळ गाळली, पावसाआधी वर जा. तिने शांतपणे ऐकून घेतले. हात धुतले. मग विचारले,

"कागद हाय का, मुनशीजी?"

मी म्हणालो, "नाही. मी सांगतो आहे."

"तुमीच त सांगता," ती म्हणाली, "कागद नसन त बोलनं वारा हाय. आमच्या सासऱ्याले बी तुमी हेच म्हनलं होतं, बांधाच्या भांडनात. त्याच्याजवळ कागद नव्हता. बांध गेला."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती आत गेली आणि वाश्याला टांगलेले बांबूचे नळकांडे काढून घेऊन आली. त्यात जागेचा मंजूर झालेला अर्ज गुंडाळून ठेवला होता. तिने तो माझ्यासमोर उलगडून धरला, दोन्ही हातांनी, ओल्या बोटांचा डाग लागू नये म्हणून कडेला धरून.

"हा हाय ना," ती म्हणाली. "तुमचंच अक्षर."

मी तो वाचला. ठळक, सरळ, एकसारखा. त्यात एकही खाडाखोड नव्हती. तिने तो पुन्हा गुंडाळला, नळकांड्यात घातला आणि आत जाऊन होता तिथे, वाश्याला टांगला. घरातली सगळ्यांत उंच जागा तीच असावी. मी दारातून येनाकडे पाहिले, मग वाश्याकडे, मग पुन्हा येनाकडे. इतकी वर्षे आकडे उतरवल्यावर एवढे मोजायला दुर्बीण लागत नाही. नळकांडे खाचेच्या खाली होते.

मग मी दुसऱ्या घराकडे निघालो.